पहिली ते तिसरीचा वर्ग : पडदा, फोन आणि स्पीकर कसे वापरायचे? (बडोदे)

पाटीपेन्सिल, रावपुरा

बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांसाठी हा धागा काढते आहे. प्रोजेक्टर किंवा टीव्ही आता बऱ्याच वर्गांत आहे, नसला तरी बाईंच्या हातात फोन आहेच. त्याचं करायचं काय, यावर नेमकं बोलू या.

माझं म्हणणं आधीच सांगते. या वयाच्या वर्गात पडद्यावर सगळ्यांत जास्त वेळ मुलाचं स्वतःचं अक्षर दिसावं आणि स्पीकरमधून मुलाचा स्वतःचा आवाज यावा. तयार व्हिडिओ त्यानंतर, आणि थोडाच. फळ्यावर लिहिलेलं जागचं हलत नाही, मूल मान वर करून पाचदा बघू शकतं. व्हिडिओतलं वाक्य कानावर पडलं की गेलं. पहिलीतलं मूल एक वाक्य मनात जुळवतंय तोवर पुढची तीन निघून जातात, आणि मग ते नुसते रंग आणि हालचाल बघत बसतं. वर्ग शांत असतो म्हणून तास छान झाला असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

वहीवर फोनचा कॅमेरा लावला तर काय मिळतं, त्याचं एक उदाहरण देते. 'बावन्न लिही' म्हटलं. मराठीत आधी 'बा' ऐकू येतो, म्हणजे दोन. पन्नास मागून येतात. काही मुलं २५ लिहितात, ती चूक वहीत दिसते. पण काही मुलं आधी २ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे जागा करून ५ बसवतात. उत्तर ५२, बरोबरची खूण मिळते, आणि दशक-एकक मनात बसलेलंच नाही हे कुणाला कळत नाही. तेच मूल पुढे ४७ + ३८ ला अडतं. वही घरी नेऊन तपासली तर हे कधीच दिसणार नाही. पेन्सिल चालताना पडद्यावर दिसतं, बाईंना आणि वर्गालाही. अंक कोणत्या क्रमाने लिहिले हे बघायचं, उत्तर नंतर.

यासाठी फोनला स्टँड लागतं. हातात धरलेला फोन हलतो आणि सगळ्यांना गरगरतं. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचं कमानीसारखं स्टँड पुरतं : ४० सेंमीचे दोन उभे तुकडे, वरून ३५ सेंमीचा एक आडवा, पायांसाठी १५ सेंमीचे चार. जोडायला दोन टी, दोन एल्बो, पायांच्या टोकांना चार टोपणं. एकूण पाइप पावणेदोन मीटर. पायांत वाळू भरून टोपणं लावली की धक्क्याने पडत नाही. सोल्यूशन लावू नका, सुट्टीत मोडून कपाटात ठेवता येतं. आडव्या पाइपच्या मधोमध सेल्फी स्टिकचा पकडा घट्ट बांधायचा, फोनचा मागचा कॅमेरा खाली.

या उंचीवरून उघड्या वहीचं एक पान बहुतेक बसतं, पण अख्खं पान दाखवायचा मोह नको. अर्धं पान, चार-पाच ओळी, तेवढंच. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. प्रोजेक्टरची मापं, आवाज, फॉन्ट यांवर जाणत्यांनी जरूर सांगावं.

मांजलपूर_आई

पाटीपेन्सिल बाई, पडद्यावर चूक दिसली तर ते मूल हिरमुसणार नाही का? पहिलीत तर फारच.

पाटीपेन्सिल, रावपुरा

ताई, म्हणून दोन पथ्यं. कॅमेऱ्यात चेहरा आणि नाव येऊ द्यायचं नाही, फक्त हात आणि कागद. वहीऐवजी सुटा कागद दिला की वरचं नावही दिसत नाही. दुसरं, पहिले दोन आठवडे बाईंनीच कॅमेऱ्याखाली लिहायचं आणि मुद्दाम अर्धवट सोडून मुलांना विचारायचं, 'पुढे काय करू?' वर्गाला सुधारायची सवय बाईंच्या कागदावर लागली की मग मुलांचा कागद. आणि विचारताना 'काय चुकलं?' हा प्रश्न काढूनच टाका. 'याने आधी काय लिहिलं?' एवढंच विचारा.

वायरजोड, गोरवा

फोन मोठ्या पडद्याला जोडताना घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो.

टाइप-सी ते एचडीएमआय अशी तार बाजारात मिळते, पण ती सगळ्या फोनना चालत नाही. फोनच्या टाइप-सी छिद्रातून चित्र बाहेर पाठवायची सोय फोनमध्येच असावी लागते. स्वस्त फोनमध्ये बहुधा नसते, त्यांत फक्त चार्जिंग आणि फाइल जातात. तार घेण्याआधी आपल्या फोनच्या माहितीपत्रकात डिस्प्ले आउटपुट आहे का ते बघा. नसेल तर तार कितीही महाग घेतली तरी पडदा काळाच.

तार चालत नसेल तर दोन वाटा. एक, स्क्रीन कास्ट, म्हणजे फोनचं चित्र बिनतारी टीव्हीवर पाठवणं. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत, इंटरनेट नसलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं. चित्र थोडं मागून येतं. लिहिताना त्याने बिघडत नाही, कारण मूल कागदाकडे बघून लिहितं. दुसरी वाट, लॅपटॉपला यूएसबी वेबकॅम जोडून तोच स्टँडवर बांधायचा. रोजच्या वापराला ही सगळ्यांत भरवशाची, फोनवर कुणाचा कॉल येण्याचा प्रश्नच राहत नाही. अँड्रॉइड १४ पासून काही फोन यूएसबीने जोडल्यावर थेट वेबकॅमसारखे चालतात, तेही तपासून पाहा.

फोन वापरायचाच तर आधी विमान मोड, मग फक्त वायफाय चालू. वर्गासमोर घरचे कॉल यायला नकोत. वायफायला इंटरनेट असेल तर मेसेज तरीही येतात, म्हणून सूचनाही बंद ठेवा.

एचडीएमआय तार दहा मीटरच्या आत ठेवा. साधी तार त्याहून लांब गेली की चित्र लुकलुकतं किंवा मधेच जातं. भिंतीवरून नेताना पंख्याच्या रेग्युलेटरच्या वायरसोबत एकाच केसिंगपट्टीत कोंबू नका. आणि लॅपटॉपपाशी तारेचा एक सैल वेढा टेबलाच्या पायाला बांधून ठेवा. पाय अडकला तर ओढ त्या गाठीवर येते. नाहीतर लॅपटॉपचं छिद्रच ढिलं होतं, आणि तो खर्च तारेच्या कितीतरी पट.

अलकापुरी_०७

प्रोजेक्टर आहे पण दिवसा काहीच दिसत नाही. पडदे लावून अंधार केला तर पहिलीची मुलं पेंगतात.

वायरजोड, गोरवा

अंधार करू नका, चित्र लहान करा. हिशेब साधा आहे. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच चित्र पाडतो, म्हणजे ३ चौरस मीटरवर तो उजेड पसरतो. दर चौरस मीटरच्या वाट्याला येतात १००० ल्युमेन, म्हणजेच १००० लक्स, तेही यंत्र नवं असताना. खिडकीचा उजेड त्याच भिंतीवर ४००-५०० पडत असेल तर काळं अक्षर करडं दिसणारच. चित्राची रुंदी निम्मी केली तर तोच उजेड चौपट दाटतो.

अंतर ठरवायला प्रोजेक्टरच्या पत्रकात थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) दिलेला असतो. तो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला प्रोजेक्टर ३ मीटर लांब हवा. शॉर्ट थ्रो ०.५ चा असेल तर १ मीटर पुरे, आणि शिकवणाऱ्याची सावलीही कमी पडते.

पडद्याची भिंत खिडकीच्या समोरची नसावी, खिडकीच्याच बाजूची असावी. म्हणजे उजेड भिंतीवर थेट येत नाही. पडद्याच्या लगतची एकच खिडकी झाका, मागच्या उघड्या राहू द्या. मुलं वहीत लिहू शकतात आणि पेंगतही नाहीत.

टीव्हीचं गणित वेगळं. ४३ इंची टीव्ही म्हणजे ९५ सेंमी रुंद आणि ५३ सेंमी उंच. उजेडात छान दिसतो, पण मागच्या बाकावरून वाचता येत नाही. टीव्ही असेल तर बाकं विसरा आणि मुलांना सतरंजीवर दोन ते तीन मीटरच्या अर्धगोलात बसवा. टीव्हीचा मध्य बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या किंचित वर. आपल्याकडे तो बऱ्याचदा छताजवळ टांगलेला असतो आणि मुलांची मान दुखते.

पाटीपेन्सिल, रावपुरा

मग अक्षर केवढं हवं?

अक्षरजुळणी, वाडी

मागचं मूल भिंतीपासून ७ मीटरवर असेल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत निदान ५ सेंमी, भिंतीवर पट्टी लावून मोजलेले. ज्या वर्गात मुलं अजून अक्षर जुळवून वाचतात तिथे ८ सेंमी. दीड मीटर उंच चित्रात, नेहमीच्या ४:३ स्लाइडवर, हे अनुक्रमे २८-३० आणि ४४-४८ पॉइंट होतात. ओळींमध्ये अंतर दीडपट ठेवा. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारात शिरतो आणि मूल 'कुंडी'चं काहीतरी वेगळंच वाचतं.

फॉन्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याकडे कुणी बघत नाही आणि पहिलीत नुकसान याचंच होतं.

'ल' आणि 'श' ही अक्षरं मराठीत जशी शिकवतो तशी अनेक फॉन्टमध्ये नसतात. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा ल उभ्या दंडाचा. आपला श देठाचा, हिंदी वळणाचा गाठीचा. युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतांत) ल एकच आहे, तो दिसतो कसा हे फॉन्ट ठरवतो. म्हणजे बाई फळ्यावर एक ल काढतात आणि पडद्यावर दुसराच येतो. मोठ्यांना काही वाटत नाही, पहिलीतल्या मुलाला ती दोन अक्षरं वाटतात. काही युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. लिबर ऑफिससारख्या प्रोग्राममध्ये मजकूर निवडून भाषा 'मराठी' केली की त्यांचं मराठी वळण उमटतं, भाषा 'हिंदी' राहिली तर दंडाचा ल. दोन्ही वळणं एकाच फॉन्टमध्ये नसतील तर फॉन्ट बदला. यशोमुद्रा हा मराठीसाठीच आखलेला मोफत फॉन्ट आहे. तयार झालं की पीडीएफ करून न्या, म्हणजे शाळेच्या लॅपटॉपवर फॉन्ट नसला तरी अक्षर तेच राहतं.

दुसरं, जुन्या फाइली. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण नंतर ओळ न् ओळ वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

तिसरं, 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसरा डोंगरातला. बडोद्यात फोनवर गुजराती-हिंदी कीबोर्ड असतो, त्यात ऱ सापडत नाही, मग सगळेच 'दर्या' होतात. मराठी कीबोर्ड वेगळा घालून घ्या, त्यात ऱ आहे. तसंच 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप करा. 'अ' वर चंद्र चढवला तर दिसायला तेच, पण शोधताना शब्द सापडत नाही.

सुलतानपुरा_वाचनालय

अक्षरजुळणी ताई, बडोद्याचा म्हणून एक मुद्दा यात घालावासा वाटतो. आपली मुलं रस्त्यावर दिवसभर गुजराती पाट्या बघतात. गुजराती ३ हा आपल्या 'उ' सारखा दिसतो आणि गुजराती ५ हा 'प' सारखा. दुसरीत शब्दात अंक किंवा अंकात अक्षर घुसलं तर ते बेफिकिरीने झालेलं नाही, मूल दोन लिप्या एकदम सांभाळतंय. गुजरातीत शिरोरेषा नसते, म्हणून शिरोरेषा विसरणंही त्यातलंच.

कॅमेऱ्याखाली हे फार चांगलं दाखवता येतं. डावीकडे बसच्या पाटीचा फोटो, उजवीकडे मुलाचा कागद. दोन्हीकडचं एकेक अक्षर बोटाने गिरवून घ्यायचं. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच ओढायची, अक्षरागणिक तुकडा जोडत नाही जायचं, हेही पेन्सिल चालताना दिसलं की एका दिवसात कळतं.

तंबोरा, दांडिया बाजार

आवाजाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मोठा पडदा लावतात आणि आवाज टीव्हीच्या पाठीमागच्या टिचभर स्पीकरमधून. भाषेच्या तासाला हे उलटं आहे.

सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत भिंती, लाद्या. अशा खोलीत टाळी वाजवा आणि घुमणं ऐका. तो घुमारा आधीच्या स्वराचा असतो आणि पुढचं व्यंजन झाकून टाकतो. 'पाणी' मधला आ घुमतो आणि ण आहे की न हे मागच्या बाकावर पोचत नाही. ल-ळ, न-ण, स-श, त-थ हे फरक पहिल्यांदा मरतात. मग बाई आवाज वाढवतात, त्याबरोबर घुमाराही वाढतो.

उपाय असे. मागच्या भिंतीवर जाड सतरंजी किंवा गोधडी टांगा, भिंतीपासून चार-पाच सेंमी सुटी. भिंतीला चिकटवली तर निम्मा फायदा जातो. दोन सतरंज्या लगतच्या दोन भिंतींवर लावल्या तर टाळी लगेच सुकी ऐकू येते. अंड्यांचे ट्रे लावू नका. त्याने घुमारा फारसा जात नाही, आणि कागदाचा लगदा आगीला धोक्याचा.

एका मोठ्या स्पीकरपेक्षा दोन लहान बरे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, वर्गाच्या पुढच्या तिसऱ्या भागात, जमिनीपासून सव्वा मीटरवर, तोंड आत वळवलेलं. छताजवळ टांगलेला स्पीकर छतालाच शिकवतो. बास पूर्ण कमी करा. स, श, च यांची ओळख उंच पट्टीतल्या आवाजात असते. ढोलकीला शोभणारा स्पीकर त्यांना गढूळ करतो. ब्लूटूथ टाळा, आवाज चित्राच्या मागे राहतो, आणि ओठ बघून उच्चार शिकायचा असेल तर सगळंच फुकट. साधी ३.५ मिमीची ऑडिओ तार उत्तम.

ऐकवण्याच्या दोन-तीन मिनिटांपुरते पंखे एकवर आणा. एप्रिलमध्ये हे कठीण आहे, म्हणून ऐकण्याचं काम सकाळच्या पहिल्या तासाला.

मांजलपूर_आई

सतरंजीचा उपाय घरच्या खोलीलाही चालेल म्हणजे.

तंबोरा, दांडिया बाजार

हो ताई. उघडं, कपड्यांनी भरलेलं कपाटही तेच काम करतं.

वाचनमोजणी, सुभानपुरा

मुलाचा आवाज ध्वनिमुद्रित करण्याबद्दल.

वर्गात ३६ मुलं धरा. एकेकाचं एक मिनिट वाचन घ्यायचं तर सगळा तास जातो आणि बाकीची ३५ रिकामी. रोज सहा मुलं घ्या, सहा दिवसांत वर्ग पूर्ण. बाकीचे जोडीने वाचत असताना व्हरांड्यात किंवा कोपऱ्यात हे होतं. फोन तोंडापासून १५-२० सेंमीवर, पण तोंडाच्या रेषेत नाही, गालाच्या बाजूला. समोर धरला तर ख, फ, भ म्हणताना हवा थेट आदळून फट् आवाज येतो. फाइलला हजेरी क्रमांक आणि तारीख, नाव नको. तोच उतारा तीन आठवड्यांनी पुन्हा. मग दोन्ही मुद्रणं त्या मुलालाच ऐकवा, एकामागून एक, काही न बोलता. आपण कुठे अडत होतो आणि आता अडत नाही, हे ते स्वतः सांगतं. इतर कुठलंही यंत्र ही गोष्ट देत नाही.

वेगाच्या आकड्याबद्दल सावध राहा. निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६०, समजून, असं लक्ष्य आहे. मराठीत 'शेजाऱ्यांच्या घरातल्यासारखं' हे दोनच शब्द. हिंदीत तेच पाच-सहा होतात. म्हणून मोजायचा उतारा कसा निवडला यावर आकडा हलतो. प्रत्यय जोडलेले लांब शब्द दोन्ही वेळी सारखेच असले पाहिजेत. सोपा उपाय म्हणजे उतारा न बदलणं. आणि वाचून झाल्यावर दोन प्रश्न, एक उताऱ्यात थेट दिलेला, एक विचार करून सांगायचा. ते सोडले तर मुलं धावायला शिकतात, वाचायला नाही.

गूगलचं रीड अलाँग ॲप, जे २०१९ मध्ये 'बोलो' म्हणून आलं, त्यात मराठी आहे आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतं. जोडीला चांगलं. पण आजूबाजूला दहा मुलं मोठ्याने वाचत असतील तर ते गोंधळतं. आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याला कळेल अशी अपेक्षा नको. 'दिन' आणि 'दीन' मधला फरक कानांना तरी कुठे नीट कळतो. तो लिहिण्यातच तपासायचा.

कारेलीबाग_गुरुजी

पाटीपेन्सिल बाईंच्या मूळ मुद्द्याशी मी पुरता सहमत नाही. व्हिडिओला इतकं खाली ढकलू नये. अंड्यातून पिल्लू बाहेर येणं, फुलपाखराची कोशातून सुटका, भरती-ओहोटी हे बडोद्याच्या वर्गात कसं दाखवणार? आपल्या मुलांनी समुद्र बघितलेला नसतो.

पाटीपेन्सिल, रावपुरा

गुरुजी, तिथे व्हिडिओच हवा, मान्य. भांडण लांबीशी आणि त्यातल्या निवेदनाशी आहे. कोश फुटण्याचा भाग ४० सेकंदांचा असतो. तेवढाच कापून घ्या आणि आवाज बंद ठेवा. पहिल्यांदा नुसतं बघू द्या. दुसऱ्यांदा थांबवून विचारा, 'आता काय होईल?' आणि मुलांची उत्तरं फळ्यावर लिहा. तिसऱ्यांदा बाईंनी आपल्या मराठीत सांगत चालवा. दोन मिनिटांचा व्हिडिओ, पंधरा मिनिटांचा तास. पडदा बंद केल्यावर मुलांनी चार चित्रं क्रमाने काढायची. चौथ्या चित्रात पंख ओले आणि चुरगळलेले काढलेत का, यावरून कोण बघत होतं ते कळतं.

सुलतानपुरा_वाचनालय

यावरून आठवलं म्हणून. १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानाचं ग्रंथालय खातं उभं केलं. त्यातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, आणि चित्रांनी शिकवण्यासाठी मॅजिक लँटर्नच्या काचपट्ट्या आणि स्टिरिओस्कोपसुद्धा. सक्तीचं प्राथमिक शिक्षण संस्थानभर १९०६ मध्येच आलं होतं. लँटर्नचं चित्र स्थिर. सांगणारा बोलेपर्यंत ते भिंतीवर थांबतं, घाई नाही. स्थिर चित्र दोन मिनिटं समोर ठेवून 'काय काय दिसतं?' विचारणं, हे आजच्या प्रोजेक्टरनेही तसंच करता येतं आणि पहिलीच्या बोलण्याला त्याचा फार उपयोग. चित्र गर्दीचं निवडावं. मांडवीच्या बाजाराचा एक फोटो एका तासाला पुरतो.

कारेलीबाग_गुरुजी

४० सेकंद आणि तीन वेळा, हे पटलं. मग सामग्री शोधण्याबद्दल मीही दोन गोष्टी सांगतो. दीक्षा या सरकारी शालेय ॲपमध्ये पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नसेल (छपाई पुसट असते) तर त्याखालची सहा अक्षरं टाइप करा, तेच उघडतं. घरून वायफायवर उतरवून घ्या, वर्गात नेटच्या भरवशावर राहू नका. आणि मराठीत शोधल्यावर जे येतं ते बरंचसं बालभारतीच्या पाठक्रमावर बेतलेलं असतं. आपला अभ्यासक्रम गुजरातचा. पाठाचं नाव बघून लावू नका, संकल्पना बघून लावा. वजाबाकी हातच्याची आहे की बिनहातच्याची हे पूर्ण बघूनच ठरवा.

पाटीपेन्सिल, रावपुरा

वजाबाकीचं निघालंच आहे तर. ५२ − २७ आणि उत्तर ३५, ही दुसरी-तिसरीतली घरोघरची चूक. मूल ७ मधून २ वजा करतं, कारण मोठ्यातून लहान वजा करायचं हे त्याच्या डोक्यात बसलेलं असतं.

कॅमेऱ्याखाली काळं, न चमकणारं कापड अंथरा. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे डावीकडे, दोन सुट्या उजवीकडे. गठ्ठ्यांना रबर. 'सात दे' म्हटल्यावर दोनच आहेत. इथे थांबायचं, उत्तर सांगायचं नाही. कुणीतरी म्हणतं, गठ्ठा सोडा. मग पडद्यावर रबर काढायचं, काड्या मोजत उजवीकडे सरकवायच्या : बारा. पाच गठ्ठ्यांचे चार झाले. त्याच क्षणी कागदावर ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२. काडी आणि आकडा एकाच चौकटीत दिसले पाहिजेत, म्हणून कापड अर्ध्या चौकटीवर आणि कागद उरलेल्या अर्ध्यात. व्हिडिओतल्या ॲनिमेशनमध्ये गठ्ठा आपोआप फुटतो, तो का फोडला हे मुलाने ठरवलेलं नसतं.

मुलांच्या हातातही काड्या हव्यातच. जोडीला सात गठ्ठे आणि वीस सुट्या दिल्या की ९० पर्यंतची गणितं होतात. रबरं उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, जूनमध्ये नवी आणा.

अलकापुरी_०७

कागद पडद्यावर पांढरा फटक दिसतो, पेन्सिल दिसतच नाही. काय करावं?

वायरजोड, गोरवा

काळं कापड जास्त आणि कागद कमी असला की कॅमेरा सगळं उजळ करू बघतो आणि कागद जळतो. कागदावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो. मग उजेडाची पट्टी खाली ओढा. एचबी पेन्सिल फिकी येते, २बी द्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने ग्राफाइट चमकतं आणि रेघ नाहीशी होते. कागद ट्यूबच्या बरोबर खाली नको, उजेड डाव्या खिडकीतून यावा. फ्लॅश कधीच नको. डावखुऱ्या मुलाला उजेड उजवीकडून, नाहीतर हाताची सावली अक्षरावर.

अलकापुरी_०७

धन्यवाद भाऊ. आणि आमच्या वर्गात पेनने लिहायचा पांढरा बोर्ड आहे, पेन एक ठिकाणी आणि रेघ दुसरीकडे उमटते.

वायरजोड, गोरवा

तो इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा असणार. गुजरात सरकारच्या ज्ञानकुंज या डिजिटल वर्गांच्या योजनेत असे बोर्ड बऱ्याच शाळांत दिलेत. पेनच्या टोकाला अदृश्य इन्फ्रारेड उजेड असतो आणि कॅमेरा तो शोधतो. तीन कारणं : प्रोजेक्टरला धक्का बसून चित्र सरकलं, बोर्डवर ऊन पडलं (उन्हातही इन्फ्रारेड असतो, कॅमेऱ्याला ते पेनच वाटतं), किंवा तुम्ही पेन आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभ्या आहात. आधी ऊन अडवा, मग पुन्हा कॅलिब्रेशन करा, पडद्यावरच्या प्रत्येक खुणेच्या बरोबर मधोमध टोक टेकवून. रेघ तुटक येत असेल तर पेनचा सेल बदला. रेघ ओढताना बाजूला उभं राहा, उजव्या हाताने लिहीत असाल तर बोर्डच्या डावीकडे.

देखभालीचं सांगून टाकतो. फळा आणि प्रोजेक्टर एकाच वर्गात असतील तर खडूची धूळ प्रोजेक्टरच्या जाळीत बसते, गरम होऊन तो मधेच बंद पडतो. जाळी पंधरा दिवसांनी काढून ब्रशने साफ करा, डस्टर वर्गाबाहेर झटका. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज गेल्यावर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा लवकर मरतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. प्रोजेक्टर रीतसर बंद करून थंड होऊ द्यायला तेवढा पुरे, तास चालवायला नाही. लेझर किंवा एलईडीवाल्याला ही अडचण नाही.

तळमजल्यावरचा वर्ग असेल तर लॅपटॉप, यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड पावसाळ्यात जमिनीवर नकोतच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या खुणेच्या वर फळी मारा. भिजलेलं यंत्र सुरू करून बघू नका, सेल काढून दुरुस्तीला द्या.

मांजलपूर_आई

मुलांचे आवाज आणि कागदांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले तर चालतं का?

वाचनमोजणी, सुभानपुरा

ग्रुपवर नाही. त्या मुलाच्या पालकांना वेगळं पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, म्हणून प्रवेशाच्या वेळीच लेखी घेऊन ठेवावी. आणि त्याहून आधी, एका मुलाचं अडखळणं चाळीस घरांत ऐकलं जाऊ नये. दुसरं मुद्रण ऐकवून झालं की दोन्ही पालकांना पाठवा आणि फोनमधून काढून टाका.

मांजलपूर_आई

आणि घरी रोज काय करून घ्यायचं, ते एक सांगा.

पाटीपेन्सिल, रावपुरा

ताई, फोनवर त्याला काही दाखवू नका, त्याचं ऐका. पुस्तकातल्या पाच ओळी, व्हॉइस रेकॉर्डरवर, आणि लगेच त्यालाच ऐकवा. मधे सुधारू नका. अडलेल्या शब्दाखाली त्यानेच पेन्सिलने टिंब द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्या टिंबांपासून सुरुवात.